बावीस उतारूंचा डबा

१२ सप्टेंबर १९१७ रोजी महात्मा गांधी मुंबईहून मद्रासला जायला मेल गाडीत बसले. तिसऱ्या वर्गाचे तिकीट, भाडे १३ रुपये ९ आणे. डब्यावर उतारूंची मर्यादा लिहिलेली होती : २२. ही बावीस माणसे नुसती बसण्यापुरती. पाठ टेकून झोपता येईल अशी फळी डब्यात नव्हती, आणि मद्रास येईपर्यंत दोन रात्री काढायच्या होत्या. पुण्यापर्यंत बाविसाहून जास्त माणसे आत शिरली नाहीत, कारण डब्यातल्या धीट मंडळींनी बाकीच्यांना बाहेरच थोपवून धरले. रायचूर गेल्यावर मात्र गर्दी असह्य झाली. त्याच महिन्याच्या २५ तारखेला रांचीहून गांधींनी हा प्रवास वर्तमानपत्रांना सविस्तर लिहून कळवला. त्यात त्यांनी एक साधा हिशेब मांडला होता. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटीहून जास्त आहे हे मान्य; पण पहिल्या वर्गाला मिळणाऱ्या सुखसोयींचा पाचवा भाग तरी तिसऱ्या वर्गाला मिळतो का? दहावा तरी?

ही गाडी कल्याणहून नेरळ, कर्जत करीत बोरघाट चढली, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातून गेली. कर्जतला तिला घाटासाठी जादा इंजिन लागले असणार. वर घाटात एका ठिकाणी ती थांबली असणार आणि इंजिन या टोकाचे त्या टोकाला जाऊन उलट्या दिशेने निघाली असणार, कारण त्या काळी बोरघाट चढायचा दुसरा मार्गच नव्हता. वाफेच्या गाड्यांबद्दल आपण बोलतो ते बहुधा इंजिनांबद्दल. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीची साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने शाळकरी मुलांनाही पाठ असतात. पण त्यांच्या मागे १४ डबे होते आणि त्यांत सुमारे ४०० माणसे बसली होती. ते डबे कसे होते, हे फारसे कोणी विचारत नाही. माझ्या मते आगगाडीचा खरा सामाजिक इतिहास डब्यात आहे. इंजिन सगळ्यांना एकाच वेगाने ओढते. कोणाला गादी, कोणाला नुसती फळी, कोणाला दिवा आणि कोणाला काळोख, हे डबा ठरवतो.

याच जिल्ह्यातली पेण आणि रोहा ही दोन्ही गावे मात्र ब्रिटिश अमदानीत रुळांपासून दूरच राहिली. पेणचा माणूस मुंबईला निघाला की धरमतरच्या खाडीकडे जायचा आणि तिथून बोटीने मुंबई गाठायचा. रोह्याची वाटही पाण्याचीच, कुंडलिकेच्या खाडीने रेवदंड्याकडे. ज्याला आगगाडीच पकडायची असेल त्याच्यासाठी खोपोली, पेणहून तीसेक किलोमीटर. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१मध्ये रायगड झाले आणि रोह्याला गाडी पोचली ती त्यानंतर, १९८६मध्ये. तोवर वाफेचा जमाना सरत आला होता आणि तिसरा वर्ग तर कधीच इतिहासजमा झाला होता. या मुलखातली माणसे मात्र रेल्वेपासून दूर नव्हती. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेले विनोबा भावे १९१६मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईच्या गाडीत बसले, वाटेत सुरतेला उतरले आणि काशीकडे वळले. पण डब्यांचा इतिहास जवळून पाहायचा तर पेण-रोह्याच्या माणसाला आपल्याच जिल्ह्याच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी जावे लागते.

तिथे रेल्वे फार लवकर आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, १८५४मध्ये कल्याणला आणि १८५६मध्ये खोपोलीला पोचली. पेणजवळच्या वरसईचे, पुढे आपले प्रवासवर्णन लिहिणारे विष्णुभट गोडसे १८५७मध्ये उत्तरेकडे निघाले, तेव्हा खोपोलीचे स्टेशन एक वर्षाचे झाले होते. घाटावर खंडाळा ते पुणे हा रूळमार्ग १८५८मध्ये सुरू झाला. मधला घाट मात्र मोकळा होता. उतारू खोपोलीला उतरून मेण्यात, तट्टावर किंवा पायी खंडाळ्याला जात आणि पुन्हा गाडीत बसत. वरच्या तुकड्यावर धावणारी इंजिने आणि डबेही घाटरस्त्यानेच वर चढवावे लागले. पुढे इंजिनिअर जेम्स जॉन बर्कलीच्या आराखड्यावरून बोरघाटाचे काम झाले आणि १८६३मध्ये मुंबई-पुणे सलग गाडी सुरू झाली. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल कामाच्या सुरुवातीलाच, १८५९मध्ये वारला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवून पुरा केला. सुमारे १५ मैलांत १८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, आणि सर्वांत तीव्र ठिकाणी ३७ फुटांना एक फूट चढ. या आकड्यांनीच पुढे डब्यांची बरीचशी घडण ठरवली.

त्या काळचा डबा चार चाकांचा असे. खाली लोखंडी किंवा लाकडी सांगाडा, त्यात दोन आस, प्रत्येक आसाच्या टोकाशी वंगणाची पेटी आणि वर पाट्यांची स्प्रिंग. दोन्ही टोकांना धक्का झेलणारे बफर आणि मधोमध स्क्रूने आवळायची साखळी. या सांगाड्यावर लाकडाची खोली बसवायची. खोलीचे आडवे कप्पे पाडलेले, प्रत्येक कप्प्याला दोन्ही बाजूंनी दारे, आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला आतून वाट नाही. तिकीट तपासणारा बाहेरच्या लांब पायरीवरून, दांड्या धरून डब्याच्या अंगाअंगाने सरकत जाई, कधी कधी चालत्या गाडीत. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात साधारण पाच कप्पे, समोरासमोर दोन लाकडी बाक आणि एका बाकावर पाच माणसे. म्हणजे जेमतेम ट्रकएवढ्या जागेत पन्नास जण, आणि तेही कागदावर.

लाकूड सागवानच हवे, हे रेल्वे कंपन्यांना अनुभवाने कळले. विलायतेतले ओक आणि अ‍ॅश आपल्या उन्हात आकसते आणि पावसाळ्यात फुगते. मग सांधे उघडतात आणि दारे अडतात. सागाच्या अंगात तेल असते. ते पाणी शोषत नाही, वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही, आणि ओकमधल्या तुरट आम्लाने लोखंडी खिळे-बोल्ट जसे गंजतात तसे सागात गंजत नाहीत. डब्याच्या बांधणीत लाकूड आणि लोखंड पावलोपावली एकमेकांना चिकटून असल्यामुळे हा शेवटचा गुण फार मोलाचा. ब्रह्मदेशातला साग यासाठी भरपूर वापरला गेला. तो विलायतेतही जाई. तिथे रिचर्ड मॅन्सेलने १८४८मध्ये पेटंट घेतलेली प्रवासी डब्यांची चाके फार नावाजली गेली. लोखंडी कड आणि मधला तुंबा यांच्यामध्ये सागाच्या १६ पाचरी बसवलेली ही चाके चालताना आवाज कमी करीत. सागाच्या लाकडावर माणसे बसत होतीच, इंग्लंडात ती सागाच्या चाकांवर फिरतही होती.

मुंबईत भायखळ्याला जीआयपीचा कारखाना १८५४पासून होता. १८७९मध्ये तो परळला गेला आणि डबे-वाघिणींसाठी माटुंग्याचा वेगळा कारखाना १९१५मध्ये उभा राहिला. चाके, आस, स्प्रिंगा आणि सांगाडा विलायतेहून यायचा, लाकडी अंग इथल्या सुतारांनी चढवायचे, अशी वाटणी दीर्घकाळ चालली. छताला दिलेला बाक, पावसाचे पाणी आत येणार नाही अशा बेताने बसवलेली झडप, हजारो मैल हादरे खाऊनही न करकरणारे सांधे, ही या सुतारांची करामत. घडवणाऱ्यांची नावे डब्यांवर कोरलेली नसतात, याचे मला वाईट वाटते.

चार चाकांच्या डब्याला एक मोठी मर्यादा होती. दोन आस सांगाड्याला घट्ट जखडलेले असतात, म्हणून ते एकमेकांपासून फार लांब ठेवता येत नाहीत. लांब ठेवले तर वळणावर चाकाची कड रुळाला घासते, आणि फारच अडली तर रुळावर चढते. त्यामुळे डबा लांब करता येत नसे, आणि आखूड डबा वेगात डुलतो. यावर तोड निघाली बोगीची. चार चाकांची एक छोटी गाडी डब्याच्या या टोकाखाली, दुसरी त्या टोकाखाली, आणि दोन्ही मधल्या खिळीवर फिरत्या. वळण आले की डबा सरळ राहतो आणि खालच्या गाड्या वळतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोगीचे डबे वाढू लागले. बोरघाटासारख्या वळणावळणाच्या वाटेवर हा फरक उतारूला आपल्या हाडांतूनच कळला असेल.

महाराष्ट्रात बोगीच्या डब्याचे एक देखणे उदाहरण सोलापूर जिल्ह्यात होते. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरने बार्शी रोड (आजचे कुर्डुवाडी) ते बार्शी ही अडीच फूट रुंदीची रेल्वे बांधली. ती मार्च १८९७मध्ये सुरू झाली आणि १९०६मध्ये पंढरपूरपर्यंत पोचली. अरुंद रूळ म्हणजे खेळण्यातली रेल्वे, अशी समजूत कॅल्थ्रॉपने मोडली. कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येणार नाही असा हिशेब करून त्याने दाबीव पोलादाच्या सांगाड्याचे, बोगी असलेले लांब डबे करवून घेतले, आणि ते भारतात धाडण्यापूर्वी इंग्लंडात लीड्सजवळ प्रत्यक्ष रूळ टाकून चालवून पाहिले. पंढरीच्या वारकऱ्यांना वाहून नेणाऱ्या या छोट्या गाडीकडून पुढे जगभरच्या अरुंद रेल्वेंनी धडे घेतले.

आता वर्गांकडे वळतो. इंग्लंडात १८३०मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्गाचा डबा म्हणजे घोडागाडीच्या तीन खोल्या एका सांगाड्यावर शेजारी शेजारी ठेवलेल्या. गरिबांसाठी उघडे डबे. डिसेंबर १८४१मध्ये सॉनिंगजवळ दरड कोसळून गाडी अडकली आणि अशा उघड्या डब्यांतले मजूर मेले, तेव्हा संसद जागी झाली. १८४४च्या कायद्याने प्रत्येक कंपनीला रोज निदान एक तरी अशी गाडी चालवणे भाग पडले, की जिच्यात तिसऱ्या वर्गाला छप्पर आणि बाक असेल, भाडे मैलाला एक पेनी आणि वेग थांबे धरून ताशी बारा मैल. पुढे मिडलंड रेल्वेने १८७५मध्ये दुसरा वर्गच काढून टाकला आणि तिसऱ्या वर्गाच्या बाकांना गादी दिली. बाकीच्या कंपन्यांनी आधी नाके मुरडली आणि मग तीच वाट धरली.

आपल्याकडे उलटी गंगा होती. एकोणिसाव्या शतकात जीआयपीवर काही काळ चौथा वर्गही होता आणि त्याच्या डब्यात बाकच नव्हते. माणसांनी गाठोड्यावर किंवा सरळ तळावर बसायचे. मोठ्या यात्रांच्या दिवसांत तर मालाच्या वाघिणींत माणसे भरली जात. पहिल्या वर्गाची तऱ्हा वेगळीच. डब्याच्या लांबीने गादीची लांब आसने, रात्री त्यांचाच बिछाना, वर पाडायची दुसरी फळी, शेजारी नहाणीघर आणि लागूनच साहेबाच्या नोकराचा कप्पा. खिडकीला एकावर एक तीन झडपा. काचेची थंडी-पावसासाठी, लाकडी पट्ट्यांची उन्हासाठी, आणि जाळीची, इंजिनाच्या धुरातून येणारे कोळशाचे कण अडवायला. घाट चढताना दोन-दोन इंजिने धूर ओकत असताना बोगद्यात ज्याची खिडकी उघडी राहिली, त्याच्या डोळ्यांत आणि पांढऱ्या कपड्यांत ते कण गेलेच म्हणून समजा. १८७२मध्ये जीआयपीने पहिल्या वर्गाच्या काही डब्यांना सॉन्डर्स नावाच्या गृहस्थाची हवा गार करायची सोय बसवली. वाळ्याचे ताटवे पाण्याने भिजवायचे आणि त्यांतून हवा आत घ्यायची, हे तत्त्व आपल्या घरोघरी उन्हाळ्यात वापरले जाणारेच. तिसऱ्या वर्गात मे महिन्यात खिडकीतून येईल तो वारा.

आणि पैसा कोण देत होते? भारतीय रेल्वेच्या दर दहा उतारूंमध्ये नऊहून जास्त तिसऱ्या वर्गाचे असत आणि उतारूंच्या भाड्याचा मोठा भाग त्यांच्याच खिशातून येत असे. गांधींच्या पत्राला धार होती ती याच कारणाने. ते दयेची मागणी करीत नव्हते. गिऱ्हाईक म्हणून पैसे मोजतो, तर माणसासारखे वागवा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. रेल्वेच्या कारभाराविषयीच्या १९२०-२१च्या अ‍ॅक्वर्थ समितीपुढेही गर्दी आणि डब्यांचा तुटवडा हे विषय आले. याच समितीच्या शिफारशीवरून १९२४मध्ये रेल्वेचे अंदाजपत्रक सरकारच्या मुख्य अंदाजपत्रकापासून वेगळे झाले, आणि १९२५मध्ये जीआयपीचा कारभार कंपनीकडून सरकारने घेतला.

गांधींच्या डब्यावरचा तो २२चा आकडा कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीने रंगवलेला नव्हता. १८९०च्या रेल्वे कायद्याचे ६३वे कलम सांगत होते की प्रत्येक कप्प्यात किती माणसे बसवायची ते ठरवून, तो आकडा आत किंवा बाहेर ठळक दिसेल असा, इंग्रजीत किंवा त्या मुलखात चालणाऱ्या भाषेत लिहिला पाहिजे. हा कायदा मी आवर्जून वाचायला सांगेन, कारण डब्यातल्या कितीतरी गोष्टींचे मूळ त्यात सापडते. उतारूंना गाडीतल्या रेल्वे नोकरांशी संपर्क साधता यावा अशी सोय करण्याची तरतूद ६२व्या कलमात होती. १०८व्या कलमात ती सोय विनाकारण वापरणाऱ्याला ५० रुपयांपर्यंत दंड होता. डब्यातल्या धोक्याच्या साखळीखालची जी पाटी पुढच्या अनेक पिढ्यांनी वाचली, ती इथून आली.

त्या साखळीचा संबंध थेट घाटाशी आहे. सुरुवातीच्या गाड्यांना सलग ब्रेक नव्हता. इंजिनाला एक, गार्डाच्या डब्याला एक, आणि उतारावर जादा ब्रेकव्हॅन लावून त्यांत माणसे बसवायची. इंजिनाची शिट्टी ऐकली की त्यांनी हाताने चाक फिरवून ब्रेक आवळायचे. मधले डबे नुसते ढकलले जात. चढणीवर डबे जोडणारी एखादी साखळी तुटली तर मागचे डबे घरंगळत मागे जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. १२ जून १८८९ला आयर्लंडमध्ये आर्मा इथे हेच झाले. सहलीच्या गाडीचे दोन भाग केले, मागचा भाग उतारावरून सुटला आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळून ८० माणसे मेली. त्यांत मुले पुष्कळ होती. तिथला चढ ७५ फुटांना एक फूट होता, म्हणजे बोरघाटाच्या निम्माही नव्हे. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सर्व उतारू गाड्यांना सलग आणि आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा झाला.

हा ब्रेक बहुतेक ठिकाणी निर्वाताचा होता, आणि त्याची युक्ती सुरेख आहे. इंजिनातल्या वाफेच्या फवाऱ्याने गाडीभर फिरलेल्या नळीतली हवा ओढून काढायची. नळीत हवा नाही तोवर प्रत्येक डब्याखालचा ब्रेक सैल असतो. ड्रायव्हरने थोडी हवा आत सोडली की दट्टे उचलले जातात आणि सगळ्या डब्यांची चाके एकदम आवळली जातात. नळी तुटली, डबा सुटला, तरी हवा आपोआप आत शिरते आणि सुटलेला डबा स्वतःच थांबतो. म्हणजे बिघाड झाला की गाडी उभी राहते, धावत सुटत नाही. डब्यातली साखळी ओढल्यावर हेच होते : झडप उघडते, नळीत हवा शिरते आणि इंजिनातल्या माणसाला ते लगेच जाणवते. बाकावर जागा न मिळालेल्या तिसऱ्या वर्गाच्या उतारूच्या हाती ही एक गोष्ट तरी पहिल्या वर्गाच्या बरोबरीने आली होती.

उजेडाचे मात्र तसे नव्हते. आरंभीच्या डब्यांत छताला भोक ठेवलेले असे. संध्याकाळी दिवेवाला छतावरून चालत जाऊन त्यातून तेलाचा दिवा खाली सोडी. दोन कप्प्यांत मिळून एक दिवा, तोही मिणमिणता. २५ बोगद्यांच्या घाटात भरदिवसाही काळोख होई. त्या वेळी लहान मुले घेऊन बसलेल्या बायकांच्या मनात काय येत असेल, याची कल्पना आज लखलखीत डब्यात बसून करणे कठीण आहे. पुढे गॅसचे दिवे आले. विजेचे दिवे सर्व डब्यांत नेमाने बसवण्याचा पहिला मान १९०२मध्ये जोधपूर रेल्वेने मिळवला. चाकाच्या आसावरून पट्टा घेऊन डब्याखालचा डायनॅमो फिरवायचा, गाडी उभी असताना बॅटरीवर दिवे चालवायचे. पंख्यालाही तीच वीज.

वाफेच्या काळातली डब्यांची पद्धत रायगड जिल्ह्यात सर्वांत उशिरापर्यंत टिकली ती नेरळ-माथेरानवर. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी सोळा लाख रुपये खर्चून बांधवलेला हा सुमारे २१ किलोमीटरचा मार्ग २२ मार्च १९०७ला खुला झाला. रूळ अवघे दोन फुटांच्या अंतरावर आणि चढ वीस फुटांना एक फूट, म्हणजे बोरघाटापेक्षाही पुष्कळ खडा. जर्मनीतल्या ओरेन्स्टाइन आणि कोपेल कंपनीने खास इंजिने दिली. त्यांचे टोकाचे आस वळणावर थोडे सरकत, म्हणून ती या नागमोडी वाटेवर फिरू शकली. डबे छोटे आणि बहुतेक बाजूंनी उघडे. त्यांच्या ब्रेकची तऱ्हा मात्र १८६०च्या दशकातल्या घाटगाड्यांचीच राहिली. उतरताना डब्यांवर ब्रेकवाले बसत आणि इंजिनाच्या शिट्टीच्या खुणेवर हाताने ब्रेक आवळत किंवा सैल करीत. एक शिट्टी चुकली तर काय, या विचाराने अंगावर काटा येतो. पण त्या माणसांनी शंभर वर्षांहून अधिक काळ पर्यटकांना हसतखेळत खाली आणले. वाफेची इंजिने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गेली. २००५च्या पुराने मार्ग उद्ध्वस्त केला आणि तो पुन्हा उभारला. २०१६मध्ये अमन लॉजजवळ डबे घसरल्यावर गाडी बंद राहिली आणि त्यानंतर डब्यांना हवेच्या दाबाचे ब्रेक बसले. नेरळला जुने इंजिन जपून ठेवलेले आहे आणि लोक त्याच्याबरोबर हौसेने फोटो काढतात. एखादा जुना डबाही तसाच जपून ठेवावा, त्यावर ब्रेकवाल्याची जागा दाखवावी आणि त्याचे काम मुलांना समजावून सांगावे, अशी माझी फार इच्छा आहे.

मोठ्या घाटात वाफेचा काळ आधी संपला. १९२९मध्ये मार्ग नव्याने आखून ते उलट फिरायचे ठिकाण काढून टाकले आणि वीज पुण्यापर्यंत पोचली. १ जून १९३०ला दख्खनची राणी धावू लागली. सात-सात डब्यांच्या दोन गाड्या. एकीचा रंग रुपेरी आणि कडा लाल, दुसरी गडद निळी आणि तिच्यावर सोनेरी रेघा. सांगाडे इंग्लंडात बनलेले आणि अंग माटुंग्याच्या कारखान्यात चढवलेले. पण गाडीत वर्ग दोनच, पहिला आणि दुसरा. पंचवीस वर्षे तिसऱ्या वर्गाचा माणूस कर्जतच्या फलाटावरून ही गाडी फक्त पाहू शकत होता. स्वातंत्र्य मिळाल्यावरही जून १९५५ उजाडेपर्यंत तिच्यात तिसरा वर्ग नव्हता. तो आला, आणि एप्रिल १९७४मध्ये देशभर तिसऱ्या वर्गालाच दुसरा म्हणायला सुरुवात झाली.

शौचालयाची गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण ती अजून संपलेली नाही. बराच काळ शौचालय ही वरच्या वर्गाची मिरास होती. बाकीच्यांनी स्टेशन येईपर्यंत कळ काढायची, गाडी थांबली की धावायचे आणि शिट्टीकडे कान ठेवायचा. कर्जतला घाटाचे इंजिन जोडायला गाडी जरा जास्त थांबे, तेव्हा तिथे सगळ्यांची एकच घाई उडत असणार. १९०९मध्ये बंगालमधल्या ओखिल चंद्र सेन या उतारूने अहमदपूर स्टेशनवर झालेल्या आपल्या फजितीची तक्रार रेल्वेला लिहिली. ते पत्र आज प्रसिद्ध आहे आणि लोक ते हसून वाचतात. त्याआधी अठरा वर्षे कायद्याने मात्र एक पाऊल टाकले होते. १८९०च्या कायद्याचे ६४वे कलम असे : १ जानेवारी १८९१पासून प्रत्येक उतारू गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवावा, आणि गाडी ५० मैलांहून जास्त जाणारी असेल तर अशा एका कप्प्याला शौचालय असावे. खालच्या वर्गात शौचालयाची सक्ती झाली ती पहिल्यांदा बायकांच्या कप्प्यात, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मुंबईहून कर्जत १०० किलोमीटर आहे, म्हणजे ६२ मैल. खोपोली ७१ मैल. दोन्ही ठिकाणी आज लोकल जाते. रोज हजारो बायका पहाटे तिच्यात बसतात. त्यांत गरोदर बाया असतात, पाळीच्या दिवसांतल्या मुली असतात, मधुमेह असलेल्या म्हाताऱ्या असतात. खोपोलीहून मुंबईला दोन तासांहून जास्त लागतात आणि लोकलच्या कुठल्याही डब्यात शौचालय नाही. १८९०चा कायदा जाऊन १९८९चा नवा कायदा आला. त्याच्या ५८व्या कलमाने स्त्रियांसाठी राखीव जागेची तरतूद कायम ठेवली, पण ५० मैलांची आणि शौचालयाची अट त्यात नाही. ती पुन्हा घातली पाहिजे, आणि कर्जत-खोपोलीच्या गाड्यांत निदान बायकांच्या डब्यांपासून सुरुवात केली पाहिजे.